अधिकारी कोण? : एका ग्रंथप्रस्तावाच्या निमित्ताने

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी एका विद्याग्रंथ छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेकडे पाठवायचा ग्रंथप्रस्ताव लिहावयास घेतला. आम्ही दोघेही नाशिकला महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गावात वाचक कसा घडत गेला, हा आमच्या पुस्तकाचा विषय. टिपणे बारा-तेरा वर्षांची, काही लेख आधी छापून आलेले. तेव्हा प्रस्ताव म्हणजे चार दिवसांचे काम, अशी आमची समजूत होती.

संस्थेने पाठवलेल्या नमुन्यात रकाने होते ते असे : पुस्तकाचे नाव, विषयाचा गोषवारा, प्रकरणांची रूपरेषा, याच विषयावर आधी निघालेली पुस्तके आणि त्यांच्याहून या पुस्तकाचे वेगळेपण, लेखकांचा परिचय, हस्तलिखित पुरे होण्याची मुदत, परीक्षक म्हणून सुचवावयाची नावे आणि सोबत एक नमुना प्रकरण. यांतले बहुतेक रकाने खरोखरच चार दिवसांत भरून झाले. एक रकाना मात्र तीन आठवडे कोरा राहिला. त्यात विचारले होते : हे पुस्तक कोणासाठी आहे?

पहिल्या दिवशी आम्ही तेथे सवयीने लिहिले होते, 'विद्यार्थी, प्राध्यापक, अभ्यासक व सर्वसामान्य जिज्ञासू वाचक'. हे वाक्य आम्ही आजवर कितीतरी संशोधन-आराखड्यांत लिहिले आहे आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहवून घेतले आहे. नमुन्यात ते बसवल्यावर मात्र ते पोकळ वाटले. वाचकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना आपल्याच पुस्तकाचा वाचक सांगता येऊ नये, ही गोष्ट आम्हाला लागली. त्या तीन आठवड्यांत आम्ही जे जुने संदर्भ पुन्हा चाळले, त्यांची ही हकीकत.

प्रस्तावना आणि प्रस्ताव

मराठीत प्रस्तावनेची परंपरा मोठी आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्यांच्या प्रस्तावना हाच स्वतंत्र अभ्यासाचा विषय झालेला आहे. आमच्या अभ्यासक्रमांत प्रस्तावनांवर प्रश्न येतात, प्रस्तावनांचे संग्रह निघतात. प्रस्तावाचे मात्र तसे नाही. प्रस्तावना पुस्तक लिहून झाल्यावर लिहिली जाते आणि पुस्तकाबरोबर टिकते; प्रस्ताव पुस्तकाआधी लिहिला जातो आणि पुस्तक निघाले की कोणाच्या तरी कपाटात नाहीसा होतो. त्यामुळे 'प्रस्ताव' हा शब्द उच्चारताच आपल्याला सरकारी अनुदानाचा अर्ज आठवतो, आणि ही पद्धत परक्यांची, इंग्रजी विद्यापीठांकडून आलेली, असे आपण धरून चालतो.

ते तितकेसे खरे नाही. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी, हे ते चार अनुबंध. ग्रंथ कशाविषयी आहे, तो वाचून काय साधणार, ग्रंथाचा त्या विषयाशी नाते काय, आणि तो वाचण्यास पात्र कोण, हे चार खुलासे झाल्याखेरीज ग्रंथाला प्रारंभ करू नये, असा त्यामागचा संकेत. आजच्या प्रकाशनसंस्थेचा नमुना समोर ठेवून पाहिले, तर त्यातले मुख्य रकाने याच चार अनुबंधांत बसतात. आमचा कोरा राहिलेला रकाना चौथा, म्हणजे अधिकाऱ्याचा.

हा चौथा अनुबंध साधा नाही. 'अधिकारी' या शब्दात वाचकाची तयारी अभिप्रेत आहे, तसाच त्याचा हक्कही अभिप्रेत आहे. आणि हक्क कोणाला नाही, हेही त्याच शब्दाने ठरत आलेले आहे. स्त्रीशूद्रांना वेदाचा अधिकार नाही, या निर्णयातला 'अधिकार' तोच. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणणाऱ्या आपल्या आद्य ग्रंथकारांनी विषय फारसा बदलला नाही. त्यांनी अधिकारी बदलला. मराठी वाङ्मयाचा आरंभच त्या अर्थी चौथ्या अनुबंधाच्या फेरमांडणीतून झालेला आहे. तेव्हा 'हे पुस्तक कोणासाठी?' हा प्रश्न पुस्तक खपवू पाहणाऱ्याचा आहे, असे म्हणून मराठीच्या शिक्षकांना तो झटकता येत नाही.

एक नाकारलेले हस्तलिखित

अव्वल इंग्रजी अमदानीत ग्रंथ लिहून तो परीक्षकांपुढे ठेवण्याची संस्थात्मक सोय महाराष्ट्रात प्रथम निर्माण झाली ती पुण्याच्या दक्षिणा निधीतून. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी आखडत्या हाताने चालू ठेवली होती. या पैशाचा काही भाग लोकभाषेतील उपयुक्त ग्रंथांना द्यावा, असा अर्ज पुण्यातील सुधारक मंडळींनी १८४९ साली सरकारकडे केला. त्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. ग्रंथकाराने हस्तलिखित पाठवावे, समितीने ते तपासावे, पसंत पडल्यास बक्षीस द्यावे, असा क्रम. दान पात्र व्यक्तीला देण्याऐवजी पात्र ग्रंथाला द्यावे, हा बदल लहान नव्हता. मराठी गद्याच्या घडणीत या समितीचा वाटा आहे, आणि वाङ्मयेतिहासात आपण तो शिकवतोही.

याच समितीपुढे १८५५ साली जोतीराव फुले यांनी आपले 'तृतीय रत्न' हे नाटक ठेवले. एक शेतकरी कुणबी, त्याची गरोदर बायको आणि तिच्या पोटातल्या मुलाच्या ग्रहदशेची भीती घालून त्या दोघांना लुबाडणारा जोशी, अशी त्याची मांडणी. शेवटी ती दोघे नवराबायको शिकण्यासाठी शाळेची वाट धरतात. समितीने नाटक नाकारले. समितीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. हे हस्तलिखित छापले गेले ते १९७९ साली, म्हणजे १२४ वर्षांनी.

मराठी नाटकाच्या इतिहासात या प्रसंगाची नोंद आता नियमाने होते. आम्हाला तो प्रसंग ग्रंथप्रस्तावाच्या बाजूने पाहावासा वाटतो. समितीजवळ ग्रंथ पारखण्याची पद्धत होती, पारखणारे विद्वान होते, निधी होता. पण या ग्रंथाचा अधिकारी कोण, याविषयी समितीची जी धारणा होती तिच्यात ते कुणबी नवराबायको बसत नव्हते. नाटकाच्या शेवटी शाळेत जाणारी ती दोघे हाच त्या नाटकाचा भावी वाचक. आणि तो वाचक समितीपैकी कोणाच्याही नजरेसमोर नव्हता. परीक्षक विद्वान असून भागत नाही. ग्रंथाच्या वाचकाशी त्यांचा काही परिचय असावा लागतो. 'सुचवावयाच्या परीक्षकांची नावे' या रकान्यात आम्ही जी नावे घातली होती, ती यानंतर आम्ही पुन्हा वाचली. तिघेही आमचे स्नेही, तिघेही पुण्यामुंबईच्या विद्यापीठीय वर्तुळातले, आणि तिघांचाही आमच्या म्हणण्याला आधीच होकार असलेला. बक्षीस समितीने जे नकळत केले, तेच आम्ही अगदी सौजन्याने करीत होतो.

फुल्यांनी या नकारानंतर पाहिलेला मार्गही ध्यानात घेण्याजोगा आहे. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक १८८३ मध्ये लिहीत असताना त्यांनी त्याचे भाग मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीरावांनाही ते ऐकवले. ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांनीच ते आधी ऐकावे, असा हा प्रकार. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु' पत्रात छापून आली. पुढची छापण्यास संपादक नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले नाहीत. लोखंडे हे फुल्यांचे सहकारी, चळवळीतले. तेव्हा नकार नेहमी विरोधी गोटातूनच येतो असेही नाही. पण या वेळी एक फरक पडला होता. पुस्तक संपादकाच्या टेबलावर पोहोचण्याआधी ते श्रोत्यांपर्यंत पोहोचलेले होते.

वर्गणीदारांचा ज्ञानकोश

दुसरे उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. केतकरांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर काम करून १९११ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या या अभ्यासाचा पहिला भाग १९०९ मध्ये इथाका येथून आणि दुसरा १९११ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. म्हणजे परदेशी विद्यापीठ, परदेशी मुद्रण आणि इंग्रजी वाचक या तिन्ही गोष्टी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्या हाती होत्या. आजच्या हिशेबाने त्यांच्या नावावर भरपूर गुण जमा झाले असते. त्यानंतर हा मनुष्य हिंदुस्थानात परतला आणि मराठीत ज्ञानकोश काढण्याच्या खटाटोपाला लागला.

एवढ्या मोठ्या ग्रंथाचा बोजा उचलील असा प्रकाशक मराठीत नव्हता. विद्यापीठ तर नव्हतेच. केतकरांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली, पुढे कामाचे ठाणे पुण्याला हलवले. शेअर विकावयाचे, आगाऊ वर्गणीदार मिळवावयाचे, त्या पैशावर लेखक व संपादक पोसावयाचे, आणि खंड जसजसे निघतील तसतसे पोहोचवावयाचे, अशी ही योजना. १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावना खंड, मग अकारविल्हे सोळा खंड, नंतर सूची आणि पुरवणी. या उद्योगाची हकीकत केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात १९२७ साली लिहून ठेवली आहे. ग्रंथनिर्मितीचा जमाखर्च, माणसे आणि भांडणे यांविषयी इतके उघड लिहिणारा मराठी ग्रंथकार विरळा.

ज्ञानकोशावर टीका झाली. काही नोंदी घाईच्या आहेत, काहींत संपादकाची मते नोंदीपेक्षा मोठी झाली आहेत, हे आक्षेप आजही खरे आहेत. स्वतः केतकरांना या कामाने सांपत्तिक स्थैर्य दिले नाही. १९३७ मध्ये त्यांचा अंत झाला तो विपन्नावस्थेत. म्हणून हा आदर्श जसाच्या तसा घ्यावा असे आम्ही सुचवीत नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. आगाऊ पैसे मागावयाचे तर ग्रंथ नसताना ग्रंथाचे वर्णन करावे लागते. जे पुस्तक अजून लिहिलेले नाही ते एखाद्या तालुक्याच्या गावच्या वकिलाने किंवा शाळामास्तराने का घ्यावे, हे त्याच्या ओटीवर बसून त्याला मराठीत पटवून द्यावे लागते. केतकरांच्या मंडळाचे लोक गावोगाव हिंडून हेच करीत होते. प्रस्तावाचा वाचक आणि पुस्तकाचा वाचक तेथे एकच होता. आपल्या आजच्या प्रस्तावाचे दुखणे नेमके येथे आहे. तो दिल्लीच्या संपादकासाठी लिहिला जातो, परीक्षकासाठी सजवला जातो, आणि पुस्तक ज्याने वाचावे असे आपण म्हणतो त्याला त्याचा पत्ताही नसतो.

ज्ञानकोशाने आणखी एक गोष्ट केली. त्या कामात तयार झालेली माणसे पुढल्या कोशांना मिळाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशाच्या संपादनातून गेलेले लोक. त्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून निघू लागला. आज ज्या शब्दकोशाशिवाय आमच्या विभागाचे पान हलत नाही, त्याची मुळे अशी त्या वर्गणीत आहेत.

नमुना प्रकरण

तिसरे उदाहरण पुण्यातलेच, पण वेगळ्या जातीचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती हवी, ही मागणी विंटरनिट्झ यांनी १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपातील विद्वत्संस्थांनी ते काम हाती घेण्याचे ठरवले. ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये आदिपर्वाच्या आरंभीच्या काही श्लोकांचा नमुना छापला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि तो बेत बारगळला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९१९ मध्ये प्रत्यक्ष कामास आरंभ झाला.

प्रस्ताव लिहिणाऱ्याने पाहावे असे या कामात पुष्कळ आहे, पण आम्ही १९२३ च्या विराटपर्वापाशी थांबलो. त्या वर्षी ना. बा. उटगीकर यांनी संपादित केलेले विराटपर्व प्रसिद्ध झाले ते तात्पुरती आवृत्ती म्हणून. ते देशोदेशीच्या अभ्यासकांकडे पाठवले गेले आणि त्यांच्याकडून दोष मागवले गेले. नमुना प्रकरण म्हणतात ते याला. उत्तम उतरलेले पान निवडून दाखवणे एवढाच त्याचा हेतू नव्हता. आपली पद्धत हजारो पानांवर चालवण्यापूर्वी ती एका पर्वावर चालवून पाहावी आणि चुकत असेल तर वेळीच कळावे, असा तो उद्योग होता. १९२५ मध्ये वि. सी. सुखठणकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी कामाची रचना नव्याने लावली. त्यांच्या आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये आला आणि पर्व १९३३ मध्ये पुरे झाले. त्याला जोडलेला त्यांचा उपोद्घात पाठचिकित्सेचा पाठ्यग्रंथ मानला जातो. सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले, काम श्री. कृ. बेलवलकर, प. ल. वैद्य अशा संपादकांच्या हाती जात जात १९६६ मध्ये संपले. उटगीकरांचे विराटपर्व मागे पडले; पुढे त्या पर्वाची स्वतंत्र आवृत्ती मालेत निघाली. पण आपले काम चुकीसाठी उघडे ठेवणारा तो पहिला खंड निघाला नसता, तर पुढली शिस्त कशातून आली असती?

आम्ही जे नमुना प्रकरण पाठवण्याचे ठरवले होते, ते आमचे सर्वांत घोटीव प्रकरण होते. १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयावरचे. त्यात आम्हाला कोठेही शंका नव्हती. विराटपर्वाचा हा इतिहास वाचल्यावर आमच्या ध्यानात आले, की शंका नाही म्हणूनच ते नमुना म्हणून निरुपयोगी आहे.

गुणांचा काळ

हे सर्व वाचताना आमचा काळ आम्हाला वारंवार आठवत होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय प्रकाशनाच्या पुस्तकाला १२ गुण आणि राष्ट्रीय प्रकाशनाच्या पुस्तकाला १० गुण ठरवलेले आहेत. गुण मोजावेत की नाही, हा वाद येथे काढण्याचा आमचा हेतू नाही. बढतीसाठी काहीतरी मोजमाप लागणारच. पण या मोजमापाला प्रकाशनसंस्थेचा पत्ता दिसतो, वाचकाचा दिसत नाही. परिणामी प्रबंध जसाच्या तसा टाइप करून, आयएसबीएन क्रमांकासह, लेखकाच्याच पैशाने छापून देणारा एक धंदा आपल्याकडे वाढला. तेथे प्रस्ताव लागत नाही, परीक्षक नसतो, नमुना प्रकरण कोणी मागत नाही. पैसे भरले की पुस्तक होते.

आम्ही हे परगृहीचे म्हणून सांगत नाही. आमच्यापैकी एकाचे पहिले पुस्तक असेच निघाले. तीनशे प्रती छापल्या. शंभराच्या आसपास भेटीदाखल गेल्या, काही मुलाखतीच्या फायलींना जोडल्या गेल्या, आणि उरलेल्या अजून विभागातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आहेत. दरवर्षी पावसाळ्यानंतर ते गठ्ठे बाहेर काढून झटकावे लागतात. त्या पुस्तकावर एकही प्रतिकूल अभिप्राय आलेला नाही. अनुकूलही आलेला नाही. नाकारले गेलेले 'तृतीय रत्न' निदान कोणीतरी वाचून नाकारले होते.

येथे कोणी म्हणेल, की मराठीत विद्याग्रंथ घेणारा वाचकच उरलेला नाही, तेव्हा इंग्रजीत लिहावे हे उत्तम. इंग्रजीत लिहिण्याला आमचा विरोध नाही. आमचा प्रस्तावही इंग्रजीतच होता. दुसरा कोणी म्हणेल, की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आता शासनाने ग्रंथ छापावेत. तेही योग्यच. पण भाषा इंग्रजी असो वा मराठी, पैसा संस्थेचा असो वा शासनाचा, चौथा अनुबंध लेखकालाच भरावा लागतो. तो दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही.

कोणत्या नाशिकचा वाचक?

आमचा कोरा रकाना शेवटी भरला तो एका प्रश्नामुळे. प्रस्तावाचा मराठी खर्डा आम्ही आमच्या विभागातून पूर्वी एम. ए. झालेल्या आणि आता जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला वाचावयास दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, "सर, यात वाचनालयाच्या सभासदांचा इतिहास आहे. आमचे आजोबा कधी सभासद नव्हते, पण त्यांना वाचता येत होते. ते कोणत्या प्रकरणात येतात?"

ते कोणत्याच प्रकरणात येत नव्हते. नाशिकचा वाचक म्हणून आम्ही जो उभा केला होता तो गोदाकाठच्या पेठांतला, वकिलीतला, शाळाखात्यातला, व्याख्यानमालांना जाणारा. तो खरा होता आणि त्याची कागदपत्रे उपलब्ध होती. म्हणूनच तो आमच्या हाती लागला. पण याच गावात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. त्या पाच-सहा वर्षांत नाशिकमध्ये पत्रके छापली गेली, वाचली गेली, न वाचता येणाऱ्यांना वाचून दाखवली गेली. आंबेडकरांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे पुढे प्रसिद्ध झालेली आहेत. ती नाशिक जिल्ह्यात पोहोचत होती, जपली जात होती. हे वाचन नव्हते तर काय होते? मंदिराच्या दाराशी अधिकाराचा प्रश्न उभा राहिला, तो आमच्या पुस्तकात मात्र वाचनालयाच्या दाराशी उभाच राहिला नव्हता.

यानंतर आम्ही प्रस्ताव मागे घेतला नाही; बदलला. प्रकरणांची रूपरेषा सहावरून आठावर गेली. सभासदवह्यांबाहेरच्या वाचकावर एक प्रकरण, आणि वाचून दाखवण्याच्या व ऐकण्याच्या रीतीवर एक. वाचनालयाचे घोटीव प्रकरण नमुना म्हणून पाठवण्याऐवजी या नव्या प्रकरणांतले पहिले, कच्चे, आम्ही आधी मराठीत लिहून काढले. ते आम्ही तीन ठिकाणी वाचून दाखवले. एकदा विभागात, एकदा त्या विद्यार्थ्याच्या शाळेत सायंकाळी, आणि एकदा त्याच्या घरी, जेथे ऐकणाऱ्यांत त्याची आजी होती. विभागात संदर्भपद्धतीवर चर्चा झाली. शाळेत दोन चुका निघाल्या, दोन्ही स्थलनामांच्या. घरी आजीने मध्येच थांबवून सांगितले, की पत्रक वाचणारा उभा राहून वाचत नसे, बसून वाचत असे, कारण दिवा खाली ठेवलेला असे. ही ओळ आता प्रकरणात आहे.

परीक्षकांच्या नावांत आम्ही दोन बदलली. नव्या दोघांपैकी एक आमच्या गृहीतकांवर पूर्वी जाहीर टीका केलेले अभ्यासक आहेत. ते प्रस्ताव नाकारतीलही. सत्तर-ऐंशी पाने लिहून झाल्यावर हा धोका पत्करावा का, यावर आमच्या दोघांत एक संपूर्ण रविवार वाद झाला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, की बढतीची मुदत जवळ असताना ही चैन आहे. दुसऱ्याचे म्हणणे, की लोखंडी कपाटात आता जागा उरलेली नाही.

'हे पुस्तक कोणासाठी आहे?' या रकान्यात आम्ही शेवटी चार ओळी लिहिल्या. वाचनाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यात आहेतच, कारण त्यांच्या प्रश्नांशी आमच्या पुस्तकाचा संबंध आहे. त्याखाली लिहिले आहे : नाशिक जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक, ज्यांना आपल्या गावाच्या वाचनाचा इतिहास शिकवावयाचा आहे, आणि ज्या घरांत पहिले पुस्तक गेल्या दोन पिढ्यांत आले, त्या घरांतील माणसे, ज्यांच्यासाठी या पुस्तकाची मराठी आवृत्ती इंग्रजीबरोबरच निघावी, अशी आमची अट आहे. संस्थेला ही अट मान्य होईल की नाही, हे या घडीला कळलेले नाही. प्रस्ताव गेल्या महिन्यात रवाना झाला.

या लेखाच्या वाचकांत आमच्यासारखे शिक्षक बरेच आहेत, आणि ज्यांचे प्रबंध नुकतेच पुरे झाले आहेत असे विद्यार्थीही आहेत. त्यांना एक विनंती. प्रबंधाचे पुस्तक करावयाचे मनात आल्यास छापणाऱ्याकडे जाण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी असे चार शब्द एकाखाली एक लिहावेत. पहिल्या तिघांपुढे भराभर लिहून होईल. चौथ्यापुढे लेखणी अडली तर अडू द्यावी. घाईने काही भरू नये. तो कागद घेऊन कोणाच्या तरी ओटीवर जावे आणि वाचून दाखवावा.